आत्याच्या नाकाखाली

आमच्या घरात आत्याच्या नाकापुढे कुणाचं काही चालत नाही. चाळीस वर्षं ती गुलाबाचं तेल काढते आहे. तांब्याच्या हंड्यात पाकळ्या उकळायच्या, वाफ नळीतून नेऊन थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल अलगद टिपायचं. मी तिची भाची. गेल्याच आठवड्यात मी शेजारच्या खोलीत तपासणीचं यंत्र बसवलं. तेलाचा थेंब टाकला, की त्यातल्या एकेका घटकाची एकेक टेकडी कागदावर उमटते. आत्या त्याला तोंड वाकडं करून ‘शहाणा’ म्हणते.

त्या सकाळी शहाण्याने एक नको ती टेकडी काढली. मेंथॉल! गुलाबाच्या तेलात? आणि दोनच दिवसांनी आत्याचे जुने गिऱ्हाईक, अत्तरवाले काका, यायचे होते.

“भेसळ? माझ्या तेलात?” आत्या कडाडली. “खरी निघाली ना, तर भट्टी कायमची बंद. सांगून ठेवते!”

आत्या बोलली की बोलली. यंत्र साफ करून पुन्हा थेंब टाकला, तर टेकडी जागच्या जागी. मग हंडा हुंगला, नळी हुंगली, बाटल्या हुंगल्या. काही नाही. शेवटी हताश होऊन आत्यासमोर बसले. ती दोन्ही हातांनी हंड्यात पाकळ्या दाबत होती. मी तिचा हात ओढून नाकाशी नेला आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

“आत्या, बाम लावलास?”

“दोन वर्षं झाली, रोज लावते. बोटं आखडतात गं सकाळी. त्याचं काय?”

“अगं, केवढा वास येतोय!”

तिने हात हुंगला. पुन्हा हुंगला. “मला नाही येत,” ती हळूच म्हणाली आणि भट्टी बंद करायला उठली.

मला हसू येत होतं आणि तिच्यासाठी जीव तुटतही होता. मी वाट अडवली. “बंद कशाला? रोजच्या वासाला कुणाचंही नाक सरावतं. नाक तुझं, हात माझे.”

दुसऱ्या दिवशी हंडा घासून पाकळ्या मी भरल्या. आत्या हात पाठीमागे बांधून, मनसोक्त बाम चोपडून, हुकूम सोडत होती. शहाण्याचा कागद अगदी स्वच्छ आला.

अत्तरवाले काकांनी बाटली हुंगली. “झकास! पण बाई, हल्ली तुमच्या तेलात एक थंडावा असायचा, तो कुठे गेला?”

आत्याने आपला हात त्यांच्या नाकाशी धरला. “हाच का?”

“हाच की!”

“मग तो हाताचा गुण होता. आता हात बदललेत,” ती म्हणाली आणि तिने मला पुढे ढकललं.