मी बघते तिकडे नळी असते

जुनी झाले मी आता, मित्रांनो. माझ्या काचेच्या कडेला बुरशीचा पांढरा ठिपका आला आहे आणि अंगावरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे. मी बंदुकीवर बसवायची दुर्बीण आहे. तुम्ही सहलीला गळ्यात अडकवून नेता ती दुर्बीण वेगळी. ती बिचारी नुसती बघते. माझ्या पोटात एक बारीक फुली आहे आणि ती फुली जिथे पडते तिथे गोळी जाते. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे माझ्या मालकाची बायको ग्रासियाना समोरून येताना दिसली की मला धडकी का भरायची ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या काचा घासल्या, आतली हवा काढून कोरडा वायू भरला आणि अंगावर एक फिरतं कडं चढवलं. कड्यावर चारपासून सोळापर्यंत आकडे आहेत. चारावर ठेवलं की अर्धी टेकडी दिसते. सोळावर एकच झुडूप दिसतं, पण त्याचं पान न् पान मोजता येतं. मला या कड्याचा फार गर्व होता. एवढ्याशा अंगात दोन दुर्बिणी, असं मी स्वतःला सांगत असे.

तिथून मी अमेरिकेतल्या उत्तर नेवाडात, एका लहान गावात, ओपल नावाच्या बाईच्या दुकानात आले. बंदुका, खिळे, घोड्याचे नाल, सगळं तिच्याकडे मिळायचं. एक दिवस बेन्यात अरंबेल आत आला. साठीचा मेंढपाळ. त्याचा बाप युरोपातल्या बास्क डोंगरातून इकडे मेंढ्या राखायला आला होता. बापाच्या जुन्या बंदुकीला दुर्बीण नव्हती, नळीच्या टोकावर एक लोखंडी माशी होती. ती डोळ्याने जुळवायची आणि चाप ओढायचा.

"माशी वाकडी झालीय गं," बेन्यात म्हणाला. "नेम लागत नाही."

ओपलने बंदूक उचलून एक डोळा मिटला. "सरळ आहे की. तुझा डोळा वाकडा झाला असेल."

"माझा डोळा ससाण्याचा आहे. नवी दाखव. हरणालाही चालेल आणि कायोटीलाही."

कायोटी म्हणजे इथला लांडग्याचा धाकटा भाऊ. वसंतात कोकरं जन्मली की तो टेकड्यांवरून खाली उतरतो.

ओपलने हलकी, बारीक गोळीची दोन-त्रेचाळीसची रायफल काढली. "ही कातडं फाडत नाही आणि हरणालाही पुरते. दुर्बिणीचं बघ. झाडीतल्या हरणाला चौपट पुष्कळ झाली. माळावरच्या कायोटीला जास्त लागते. दोन्ही हवं असेल तर ही घे. पण काम झालं की कडं चारावर आणून ठेवायचं. आणि ही गळ्यातलीसुद्धा ने. बघायला ती, मारायला ही."

"दोन-दोन कशाला वागवू? मी काय पक्षी मोजायला चाललोय?"

गळ्यातली दुर्बीण दुकानातच राहिली. तेव्हा मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलू?

पहिल्या वर्षी माझं कौतुक झालं. तीनशे पावलांवरचा कायोटी एका गोळीत पडला. शेजारचा एल्डन मला डोळ्याला लावून म्हणाला, "च्यायला, त्याच्या मिशासुद्धा दिसत असतील!" बेन्यात दर संध्याकाळी मऊ कापडाने माझी काच पुसायचा. मित्रांनो, वस्तूला आणखी काय हवं असतं?

पण हळूहळू मला एक गोष्ट समजली. बेन्यातच्या डोळ्यांवर साय धरत होती. मोतीबिंदू. त्याचा बाप शेवटची सात वर्षं चुलीजवळच्या खुर्चीत आंधळा बसून होता. त्या खुर्चीच्या भीतीने बेन्यात कुणाला काही सांगत नव्हता. माझं मागचं भिंग फिरवून त्याने ते आपल्या डोळ्याला जुळवून घेतलं होतं, आणि माझ्यातून त्याला बरंच दिसायचं. म्हणून जे बघायचं ते तो माझ्यातून बघू लागला. फाटक उघडं राहिलंय का? बंदूक उचलली. टपालाची गाडी आली का? बंदूक उचलली. आणि मी बघते तिकडे माझ्याखालची नळीही असते. गोळी भरलेली, कारण कायोटी सांगून येत नाही.

एकदा एल्डन कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

"बेन्यात, काल मी खांब ठोकत होतो. या टेकडीवर काच चमकली."

"कायोटी बघत होतो."

"मी काय कायोटी आहे? आणि परवा झाडीत माझ्या वासरावर नेम धरून बसला होतास. मी ओरडलो म्हणून वाचलं."

"हरीण वाटलं रे. तुझी वासरंच तसली, हाडं वर आलेली."

एल्डनला हसू फुटलं. पण खरं काय ते मला ठाऊक होतं. कडं सोळावरच राहिलं होतं. वासरू साठ पावलांवर, आणि माझ्या गोलात नुसती तपकिरी कातडी भरलेली. ना डोकं, ना पाय. मी सगळं मोठं करून दाखवलं होतं आणि काहीच दाखवलं नव्हतं. माझा गर्व त्या दिवशी उतरला.

ग्रासियाना रोज दुपारी जेवण घेऊन टेकडीवर यायची. कोकराचा रस्सा, पाव, फडक्यात बांधलेला कांदा. वाटेवर वळण आलं की बेन्यात मला तिच्याकडे वळवायचा. माझी फुली तिच्या गळ्याखाली टेकायची, आणि तो स्वतःशीच हसायचा. प्रेमाने बघत होता हो तो! मला मात्र त्याचं बोट चापाच्या कडीशी जाणवायचं. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

एप्रिलमधला तो दिवस. रात्री दोन कोकरं गेली होती. बेन्यात संतापलेला, सकाळपासून गारठ्यात बसलेला. दुपारी एक कायोटी ओढ्याकाठच्या झुडपांत शिरला. बेन्यातने अंगठ्याने चाप अडवून धरणारी सेफ्टी काढली, पण जनावर दिसेनासं झालं. तो तसाच वाट बघत राहिला.

झुडपांत काहीतरी हललं. कडं सोळावर होतं. माझ्या गोलात मातकट, करडा तुकडा भरला. बस्स, रंग, दुसरं काही नाही. त्याचं बोट चापावर आलं. चाप जरासा मागे सरकला, आता केसाएवढं अंतर राहिलं.

मग मला बटण दिसलं.

काळं, चार भोकांचं, एका भोकातला दोरा सुटलेलं. कायोटीच्या अंगावर बटण नसतं. बेन्यातचं बोट चापावरून सुटलं. नळी हळूहळू वर गेली. बटणावर बटण, मग कॉलर, मग ग्रासियानाचा चेहरा. गारठा होता म्हणून तिने त्याचाच जुना कोट घातला होता, आणि वाटेवर चिखल झाला म्हणून ओढ्याकाठाने आली होती. ती सरळ माझ्या काचेत बघत होती. हातातला डबा तिने पोटाशी धरला होता.

ती वर आली तेव्हा तो बंदूक मांडीवर घेऊन बसला होता.

"भरलेली आहे?"

"हो."

"सेफ्टी?"

त्याने अंगठ्याने चाचपली. आता कुठे ती लावली.

"मी आहे हे कधी कळलं तुला?"

"बटण दिसलं तेव्हा."

ती ओल्या गवतातच खाली बसली. मग म्हणाली, "आणि रोज? रोज मी येते तेव्हाही?"

"रोज बघतो तुला. अगं, हिच्याशिवाय तू मला दिसतच नाहीस. चालतेयस एवढं कळतं, चेहरा नाही दिसत. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं तू माझ्यावर बंदूक रोखून बसलास, आणि मी वेडी, रस्सा गार होऊ नये म्हणून धावत येत होते."

तो रडला. तिने आधी गोळ्या काढल्या, मग त्याचं नाक पुसलं.

दुसऱ्याच आठवड्यात तिने त्याला गाडीत घालून शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. छोटीशी शस्त्रक्रिया झाली आणि डोळे साफ झाले. एवढ्याशा कामासाठी तो दोन वर्षं घाबरला होता! ग्रासियानाने माझे स्क्रू काढून मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, आणि आता त्याच्या गळ्यात साधी दुर्बीण असते. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, डोळ्यांना कमी दिसत असेल तर लाजू नका, सांगा. आणि ज्याच्यावर गोळी झाडायची नाही, त्याच्याकडे माझ्यासारख्या दुर्बिणीतून कधीही, गंमत म्हणूनसुद्धा, बघू नका. मी डोळा नाही. मला डोळा समजलात तर कधीतरी बटण दिसणार नाही.

खिडकीतून मला ती टेकडी दिसते. ग्रासियाना अजून रोज जेवण नेते. पण वळणाआधी मोठ्या खडकाच्या आडोशाला ती थांबते आणि त्याला हाक मारते. मग तो बंदूक जमिनीवर ठेवतो, उठून उभा राहतो आणि दोन्ही रिकामे हात वर करतो. चाळीस वर्षांचा संसार आहे त्यांचा. ते हात दिसल्याशिवाय ती बाहेर येत नाही.