अर्धी अर्धी गोळी

पावसाळा लागला की दर महिन्याला मी घरोघरी फिरून पाच वर्षांच्या आतल्या पोरांना हिवताप होऊ नये म्हणून गोळ्या देते. पहिल्या दिवसाचं औषध माझ्या डोळ्यांदेखत पाजायचं, पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या हातात ठेवायच्या. त्याहून मोठ्या पोरांना द्यायच्या नाहीत. त्यांच्या आया माझ्यावर डोळे वटारतात, मग मीही वटारते.

माझ्या भावाच्या दोन बायका, थोरली तांपोको आणि धाकटी रस्माता. आम्हा मोसी लोकांत सवतीच्या पोरात भेद करणारीला कोणी चांगलं म्हणत नाही. बाजरीची उकड एकाच भांड्यातून खायची. रस्माता शेतावर गेली की तिच्या दोन वर्षांच्या मुलाला, नोंगमाला, तांपोकोच भरवते. तांपोकोची एकुलती बिंतू सहा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ती तापानं मरता मरता वाचली.

या ऑगस्टमध्ये नोंगमाला ताप चढला आणि झटके आले. भावानं मोपेड काढली, मी पोराला पाठीशी बांधलं. औषध घेतलेलं पोर असं कसं फणफणलं, हेच मला वाटभर खात होतं.

मागून रस्माता धापा टाकत दवाखान्यात पोचली. तिला मी खडसावून विचारलं. आधी म्हणाली, दिल्या गोळ्या. मग रडायलाच लागली. गोळ्या दिल्या होत्या, पण मोडून. अर्धी नोंगमाला, अर्धी बिंतूला. मी तिला नको नको ते बोलले.

"वन्सं, तुम्ही गोळ्या देऊन निघून जाता," ती म्हणाली. "मला त्याच चुलीपाशी बसायचं असतं. त्या पोरीसमोर एकट्या माझ्याच पोराला कसं पाजू? थोरलीनं मागितलीही नाही. मागितली असती, तर नाही म्हणता आलं असतं."

अर्ध्या गोळीनं ना नोंगमाचं भलं झालं होतं, ना बिंतूचं.

नोंगमा वाचला. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा तांपोकोला मी सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, मीच भाचीसाठी गुपचूप जास्तीच्या गोळ्या दिल्या असतील. तिनं रस्माताच्या हातातून औषध विरघळवलेली वाटी घेतली आणि स्वतः सगळं औषध नोंगमाला पाजलं.

"उद्या-परवाही अख्खीच दे," ती रस्माताला म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस."

एवढ्यात बिंतू जवळ येऊन उभी राहिली.

"मला?"

"तुला नको. कडू आहे ती."

"मला कडू चालतं."

तांपोकोनं एवढ्या मोठ्या पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि ती आत निघून गेली. पिशवी उचलून मी शेजारच्या घरी गेले आणि तिथल्या बाईवर उगाचच खेकसले.