एक पान खाली ढकलताना

मी मोडेम बोलतेय. नाव जड वाटत असेल तर डबी म्हणा. घरात सगळे तेच म्हणतात. जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढं माझं अंग, पुढे लाल दिव्यांची ओळ आणि मागे दोन वायरी. एक टेलिफोनच्या खोबणीत जाते, दुसरी कॉम्प्युटरच्या पाठीत. कॉम्प्युटरला जगाशी जे बोलायचं असतं, त्याचा मी आवाज करते आणि तारेतून पाठवते. तिकडून आलेला आवाज त्याला कळेल असा करून देते. एवढंच माझं काम. पण ते सुरू होताना मी अशी किंचाळते, की भलेभले खुर्चीवरून उठतात. खरं सांगू? सगळ्यांत जास्त मीच दचकते.

जन्म कुठल्या देशात झाला ते पाठीवरच्या लेबलावर होतं, ते घासून गेलं. आठवतं ते थेट सातारा. पोवई नाक्याजवळ निमिष सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मी नवीकोरी आले. पहिल्यांदा तारेत शिरले तेव्हा मला वाटलं होतं, अजिंक्यताऱ्याच्या पलीकडे फार तर पुणं असेल. पुढे काय काय लागलं! समुद्र लागले, रात्र चाललेले देश लागले. बाहेर साताऱ्यात ऊन आणि माझ्या घशात कुठल्याशा गावची मध्यरात्र!

पण लाईन तुटायची, नाव माझं खराब व्हायचं. "ही कटकटी डबी," असं म्हणत सरांनी मला कपाटात टाकलं. नंतर क्लासच पुण्याला गेला. तेव्हा मावशीकडे राहून तिथे शिकणाऱ्या सुमैरानं भीत भीत विचारलं, "सर, ही मी घेऊ?" सर म्हणाले, "घे की. पण ओरडली तर मला बोलू नकोस."

सुमैराचं घर मिरजेत. वर राहायच्या खोल्या, खाली तंबोऱ्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा आणि धूर नव्हे. वाळवलेले मोठे भोपळे, लाकडाच्या लांब दांड्या, शिजणाऱ्या सरसाचा वास, आणि काम करणारे दोघं: तिचे वडील मोहिद्दीन आणि धाकटे काका अजमल. फोन खालीच होता, म्हणून जुना कॉम्प्युटरही तिथेच मांडला. भुसा पडू नये म्हणून सुमैरानं माझ्यावर ओढणीचा तुकडा घातला.

पहिल्या दिवशी मी किंचाळले तशी अब्बांची पटाशी थांबली.

"काय गं, ही कुनाला हाका मारतीया?"

"पुण्याच्या मशीनला, अब्बा. आधी दोघी एकमेकींचा आवाज ओळखतात, मग बोलणं."

"म्हंजे सूर लावत्यात."

"कसला सूर, भाईजान!" अजमलचाचा हसले. "मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय."

पण अब्बा शेवटपर्यंत मान कलती करून ऐकत राहिले. माझ्या किंचाळण्याला त्या दिवसापर्यंत कुणी सूर म्हटलं नव्हतं.

त्या घरावर तेव्हा एक सावट होतं. गाणाऱ्या लोकांना आता बटण दाबलं की तंबोऱ्यासारखी वाजणारी विजेची पेटी मिळते. खऱ्या तंबोऱ्याची मागणी घटत चालली होती. अजमलचाचांनी इस्लामपूरच्या एका फर्निचरवाल्याला कामाला येतो म्हणून सांगून ठेवलं होतं. आणि एकट्या माणसाच्यानं तंबोऱ्याचं काम होत नाही. चाचा गेले की कारखान्याला कुलूप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. सुमैरानं माझ्यामार्फत परदेशातल्या गाण्याच्या शाळांना ई-मेल लिहिले. एका जर्मन शाळेचं उत्तर आलं. त्यांना डझनभर तंबोरे हवे होते. कुणाकडून घ्यायचे ते पावसाळा सरेपर्यंत चौकशी करून ठरवणार होते. चाचा म्हणाले, "आलं काम तर मी हितंच. न्हाई आलं तर इस्लामपूर."

चौकशी म्हणजे काय करतील, हा विचार सुमैराच्या मनात एका दुपारी आला. तिनं अब्बांचं नाव आणि पुढे मिरज असं लिहून मला इंटरनेटवर शोधायला लावलं. यादीत सगळ्यांत वर आलं ते कॅनडातल्या एका गृहस्थाचं पान. त्यानं लिहिलं होतं: मिरजेच्या मोहिद्दीन यांचा तंबोरा घेतला, पहिल्याच हिवाळ्यात भोपळा तडकला, कुणी घेऊ नका. खाली फोटो होता.

माझ्या घशातून चित्र एकदम उतरत नाही. वरून एकेक रेघ येते. आधी खुंट्या आल्या, मग दांडी, मग भोपळ्याचा खांदा, आणि मग ती भेग. खाली, आणखी खाली, पार तळापर्यंत. मी आणतेय आणि समोर मुलीचा चेहरा उतरतोय. थांबताही येईना.

अब्बा पाणी प्यायला उठले तशी ती पडद्यासमोर आडवी उभी राहिली. अब्बांना कळलं असतं तर ते जेवले नसते.

तिनं फक्त चाचांना सांगितलं आणि सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या वल्लरीला. दोघी कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. वल्लरी सिटी बसनं आली, बघितलं आणि म्हणाली, "ते पान काही आपल्याला पुसता यायचं नाही, सुमे. त्याचं आहे ते. पण शोधणारा माणूस यादीतली वरची चार नावं बघतो नि उठतो. आपण त्याच्या डोक्यावर आपली पानं रचू. आपोआप खाली जाईल."

"पानं कसली रचायची?"

"जाहीर खुलासा द्या!" चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले. "पेपरात न्हाई का देत? चौकट करून. आमच्याविषयी अमकं अमकं बोललं जातंय, ते साफ खोटं हाय, जनतेनं विश्वास ठेवू नये."

झालं. फुकट जागा देणाऱ्या साइटींवर इंग्रजीत खुलासे चढू लागले. मोहिद्दीन यांचा भोपळा तडकत नाही. भोपळा तडकल्याची बातमी खोटी. तडकलेल्या भोपळ्याबाबत खुलासा. मी इमानानं एकेक नेऊन पोचवलं. काही आठवड्यांनी दोघींनी पुन्हा शोधलं. कॅनडाचं पान खाली गेलं होतं खरं! पण वरची सगळी यादी आता यांच्याच खुलाशांची, आणि प्रत्येक ओळीत तोच एक शब्द: तडकला, तडकला, तडकला.

वल्लरी हसत हसत स्टुलावरून घसरली. "अगं, त्या बिचाऱ्यानं एकदा म्हटलं होतं! आपण गावभर दवंडी पिटली!"

"पेपराचं असं न्हाई हुत," चाचा हिरमुसून म्हणाले. "दुसऱ्या दिशी त्यात भडंग बांधत्यात, विषय संपला."

सुमैरानं ते सगळे खुलासे काढून टाकले आणि नव्यानं सुरुवात केली. या वेळी भेगेचं नावसुद्धा नाही. भोपळा कसा निवडतात, तारेखालची घोडी कशी घासतात, चाचा नक्षीचा वेल कसा कोरतात. वल्लरीनं आपली पानं केली, मैत्रिणींना करायला लावली, सगळी एकमेकींना जोडली. आणि ते पान सरकू लागलं. वरून मधे, मधून तळाला, मग दुसऱ्या यादीत. शेवटी ते इतकं खोल गेलं की सुमैरालाच सापडेना.

त्या दिवशी मला जे वाटलं ते कसं सांगू? मिरजेतल्या दोन मुली, जुना कॉम्प्युटर आणि मी, कपाटातून काढलेली डबी. आणि आम्ही समुद्रापलीकडच्या एका माणसाचं म्हणणं सगळ्या जगाच्या नजरेआड केलं! ते खोटं ठरलं नव्हतं. त्याला कुणी उत्तरही दिलं नव्हतं. फक्त ते आता कुणाला दिसत नव्हतं. एवढी ताकद माझ्या या दोन वायरींत होती? मला अभिमान वाटला आणि लगेच भीतीही वाटली. सुमैराही टाळ्या वाजवता वाजवता मधेच थांबली.

मग जर्मन शाळेचं पत्र आलं. तुमच्याविषयी सगळीकडे चांगलंच वाचलं, त्यांनी लिहिलं होतं. एकच विचारायचं आहे. आमच्याकडे थंडी फार. तुमचं वाद्य कधी थंडीत बिघडलं का, आणि बिघडलं तर तुम्ही काय केलंत?

"लिही, कधीच नाही," वल्लरी म्हणाली. पण तिचाही आवाज लहान झाला होता.

सुमैराची बोटं कळांवर नुसतीच टेकून राहिली. तारेत मी मोकळी वाट बघत होते. मागून अब्बांनी विचारलं, "काय लिहिलंय गं त्यांनी?" आणि तिला रडूच फुटलं. तिनं सगळं सांगितलं. ते पान कुठल्या कुठे गाडलं होतं, तिथून ते मलाच पुन्हा वर आणावं लागलं.

अब्बा रागावले नाहीत. चष्मा पुसून फोटोसमोर बसले आणि त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट ठेवून ते त्या भेगेवरून हळूहळू खाली नेलं.

"भोपळा माझाच हाय. वेल अजमलचा." ते आणखी जवळ वाकले. "असा उभा सरळ गेलाय म्हंजे वाळून गेलाय. त्या मानसाची ऱ्हायची खोली कसली हाय, इचार त्याला."

"भाईजान, शाळेला कळलं तर?" चाचा कळवळून म्हणाले. "गाडलेलं कशाला उकरताय?"

"त्याचा तंबोरा फुटलाय रं अजमल. अन् आपन हितं त्यालाच गप करत बसलोय व्हय?"

सुमैरानं कॅनडाला लिहिलं. उत्तर लगेच आलं; माणूस बिचारा चकित झाला होता. तंबोरा त्यानं टाकून दिला नव्हता, चादरीत गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता. हिवाळाभर घर यंत्रानं तापवतात, त्यानं लिहिलं, हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात.

"घराला ताप देत्यात?" अब्बांनी दोनदा विचारलं. मिरजेच्या उन्हात जन्म काढलेला माणूस. त्यांच्या डोळ्यांत नवल मावेना. मग ते सांगत गेले आणि सुमैरा इंग्रजीत लिहीत गेली. भेगेत सरस कसा भरायचा, आतून कापडाची पट्टी कशी बसवायची, तापवणाऱ्या यंत्रापासून तंबोरा लांब कसा ठेवायचा आणि शेजारी पाण्याचं भांडं कसं ठेवायचं.

काही दिवसांनी त्या माणसाचं उत्तर आलं. यावेळी शब्द थोडेच होते. सोबत आवाज होता. दुरुस्त केलेल्या तंबोऱ्याचा. तो आणायला मला फार वेळ लागणार होता, आणि तेवढ्यात कुणी फोन उचलला की तार तुटून सगळं मुसळ केरात! चाचा फोनवर हात ठेवून पहाऱ्याला बसले. "आता कुनी मेलं तरी उचलायचा न्हाई," त्यांनी घरभर बजावलं. मी जीव मुठीत धरून थेंब थेंब ओढत होते. काय ओढतेय ते मला कळत नव्हतं. माझ्या हाती नुसती खरखर येते.

मग सुमैरानं कळ दाबली.

छोट्या स्पीकरमधून तो निघाला आणि रस्त्यावरची ठोकाठोक, हॉर्न, सगळं मागे सरलं. याच जमिनीवर बसून या चार हातांनी केलेला तंबोरा बर्फाच्या देशातून बोलत होता. चाचा पहाऱ्यावरून उठून उभे राहिले. वल्लरी तोंडावर हात धरून होती. हे मी आणलं? मी? माझे सगळे दिवे पेटलेले होते आणि मला ते विझवू नयेसे वाटत होते.

अब्बांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"पंचम उतरलाय," ते म्हणाले. "खुंटी पिळून घे म्हणावं."

त्याच दुपारी सुमैरानं जर्मन शाळेला लिहिलं: होय, बिघडलं होतं. आणि त्या कॅनडाच्या पानाचा पत्ता स्वतःच खाली दिला. निरोप तारेतून गेला आणि परत बोलावण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

शाळेनं डझनभर मागवले नाहीत. दोन मागवले. हा हिवाळा ते कसे राहतात ते बघू, मग बाकीचे. चाचांनी इस्लामपूरला कळवलं, "उन्हाळ्यापर्यंत थांबा." दोन तंबोरे गवतात आणि गोधडीत गुंडाळून निघाले, तेव्हा सुमैरानं पेटीत शेजारी पाणी ठेवायला एक वाडगाही घातला.

कॅनडाच्या गृहस्थानं आपलं जुनं पान पुसलं नाही. भेगेचा फोटो तसाच आहे. त्याखाली अब्बांचा सगळा उपाय लिहिलाय. ज्यांचे ज्यांचे भोपळे तडकले ते लोक आता तिथे येतात, एकमेकांना त्या पानाचा पत्ता देतात. आणि बघा, ते पान पुन्हा चढत चढत यादीत सगळ्यांत वर येऊन बसलंय, या मुलींच्या सगळ्या पानांच्या डोक्यावर. सुमैरानं त्याला हात लावलेला नाही.

आता नव्व्याण्णव साल संपत आलंय. दोन हजार साल लागलं की तारखांचा घोळ होऊन सगळी यंत्रं वेडी होणार, असं लोक म्हणतात. वल्लरीकडे माझ्याहून चपळ डबी आली आहे. माझेही दिवस भरत आलेत. पण तिकडे बर्फ पडतोय, आणि सकाळ झाली की सुमैरा मला जागं करते. सगळं घर कामात असल्यासारखं दाखवतं आणि कान माझ्याकडे लावून बसतं. आज काय येईल, मला ठाऊक नाही. चांगलं येऊ दे, वाईट येऊ दे, मी ते जसंच्या तसं आणून ठेवीन. तुमच्या नावाचं असं एखादं पान कधी वर आलं, तर ढकलायला धावण्याआधी एवढं करा: ते उघडा, शेवटपर्यंत वाचा आणि लिहिणाऱ्याला विचारा, बाबा, तुझं काय फुटलं?

बरं, पुरे करते. चाचांना इस्लामपूरला फोन लावून "अजून थांबा" सांगायचंय. तार मोकळी करून द्यायला हवी.