स्वच्छ पडद्यामागचं आकाश

मंडळी, भरवसा कुणावर ठेवाल? ज्याला कमी दिसतं त्याच्यावर, की ज्याला सगळं दिसतं पण जो गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगतो त्याच्यावर? घाई नको, विचार करा. तोवर मी, टेकडीवरचा हवाई दलाचा रडार, चार शब्द बोलून घेतो. माझा धंदा सोपा आहे. आकाशात हाक घालायची आणि ती कशावर आपटून परत आली, की खालच्या खोलीतल्या पडद्यावर ठिपका उमटवायचा.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. जन्म कसला, बैठकाच त्या. एका समितीला मी लांबचं बघणारा हवा होतो, दुसरीला हलका, तिसरीला स्वस्त. तिघींची समजूत पटेपर्यंत मला घडवणाऱ्या इंजिनिअरचे केस पांढरे झाले. पहिल्याच चाचणीत मी बगळ्यांचा थवा इमानदारीने दाखवला. दोन लढाऊ विमानं गर्जत वर गेली आणि बगळ्यांना सलामी देऊन परत आली.

मग मला चाळणी बसवली. वेगाने येणारं ठेवायचं, हळू उडणारं गाळायचं. ती किती घट्ट करायची, ते पडद्यासमोर बसणाऱ्याच्या हाती.

इथे पडद्यासमोर एक सार्जंट बाई बसायची. नजर अशी, की सगळे तिला घार म्हणत. तिच्यावर आमचे साहेब. त्यांचं नाव पडलं होतं चकाचक. त्यांच्या टेबलावर कागदाचा कपटा दिसत नसे, आणि कामही.

एकदा वरून तपासणीला पाहुणे येणार होते. साहेब पडद्याशी वाकले.

“काय गं, ही कसली खरूज उठलीय?”

“पाखरं आहेत, साहेब. कचऱ्याच्या ढिगावरची.”

“पाहुण्यांना पाखरं दाखवू? घट्ट कर ती चाळणी.”

“हळू विमानही गळेल, साहेब.”

“इतका सावकाश शत्रू आलाच, तर त्याला चहा पाजू आपण.”

चाळणी आवळली गेली. पाहुणे आले, पडदा बघून म्हणाले, “काय निर्मळ आकाश आहे तुमचं.” साहेब असे लाजले, जणू पहाटे उठून त्यांनीच ते झाडलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वैमानिकांच्या शाळेतून मास्तर बोलत होते. “आमचं एक छोटं विमान ढगात चुकलंय. रेडिओ बंद पडलाय. शिकाऊ पोरगी आहे, एकटीच. तुमच्याकडच्या डोंगरांत शिरेल हो.”

साहेबांनी पडद्यावर नजर टाकली. “इकडे काही नाही. दुसरीकडे विचारा.”

मला ती दिसत होती. समोरून वारा झोंबत होता, बिचारी कावळ्याच्या चालीने सरकत होती. प्रत्येक फेरीत मी सांगत होतो, आणि प्रत्येक फेरीत चाळणी तिला फेकून देत होती.

घारीचा हात पुढे गेला. साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, “हात काढ. पाहुणे बसलेत.”

“बसू द्या, साहेब. डोंगर काही त्यांच्या वाटेत नाही.”

तिने चाळणी सैल केली. पडदाभर ठिपके उसळले. एका पाहुण्याने चष्मा पुसला. “बिघडलं की काय?”

“नाही, सर. आता नीट झालंय.”

पाखरं घिरट्या घालत होती. एकच ठिपका सरळ डोंगराकडे निघालेला. घारीने त्यावर बोट ठेवलं आणि फोन उचलला. जवळ उडणारं एक विमान तिकडे वळवलं. ते पोरीच्या बाजूला गेलं, पंख हलवून तिला आपल्या मागोमाग घेतलं आणि धावपट्टीवर उतरवलं.

पुढे न्याय झाला. प्रसंगावधानाबद्दल साहेबांना शाबासकीचं पत्र आलं. पाहुण्यांसमोर पडदा खराब केल्याबद्दल घारीची बदली कोठारात झाली, घोंगड्या मोजायला. माझ्या चाळणीला आता कुलूप आहे आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

मी अजून हाका घालतो. पडदा आरशासारखा लख्ख असतो. पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढून घेतात.

तुमच्याही घरी, दुकानात, कचेरीत एखादी चाळणी असेलच. जरूर वापरा. फक्त हिशेब प्रामाणिक ठेवा. गाळलंत तेही बाजूला मांडून ठेवा आणि एकदा नीट बघा. माझ्या गाळात त्या दिवशी एक माणूस होतं.