बशीची कटकट

मी एक जुनी बशी आहे. भट्टीत भाजून, पेंढ्यात गुंडाळून मी शिरूरच्या बाजारात आले आणि तिथून निमोण्याला, हौशीराम आप्पांच्या घरी. माझा जोडीचा कप कधीच फुटला. मित्रांनो, कप फुटतात, बशा उरतात. त्यात आमची काही हुशारी नाही.

आप्पांना चहा बशीतूनच लागतो. गेल्या वर्षी त्यांच्या काळजाचा ठोका चुकायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली, ठोका ताळ्यावर आला. मग हळूहळू मी वाजू लागले. आप्पांच्या हातात, दुसऱ्याच कपाखाली, कट कट कट. निम्मा चहा धोतरावर.

शेजारचे संपत हसले, "काय आप्पा, सकाळीच लावली व्हय?"

"त्येंनी उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई," आप्पांची बायको बानूबाई आतून कडाडली. "चहा प्या आन् गप जावा."

त्या दिवसापासून आप्पांनी चारचौघांत चहा घेणं सोडलं. मी मांडणीवर पडून राहिले. सगळे म्हणाले, वय झालं. बानूबाई म्हणायची, "वय काय एका म्हयन्यात होतं व्हय?"

शेवटी तिने शिरूरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "आप्पा जे जे घेतात, ते सगळं घेऊन या." बानूबाईने गोळ्या नेल्या आणि मलाही नेलं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग त्यांनी खरंच चहा मागवला, आणि आप्पांचा हात बघत राहिल्या.

"थरथर गोळीच्या आधी होती की नंतर?"

"नंतर."

"गोळीनंही होऊ शकतं. रक्त तपासू, पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून डोस कमी करू. पण मनानं बंद करायची नाही. ठोका परत बिघडेल."

"हाताचं जाऊ द्या, बाई," आप्पा म्हणाले. "दमलो आता."

"तुमी दमा. मी न्हाई दमले," बानूबाई म्हणाली. दमली तीही होती.

डोस कमी झाला, पण ती गोळी अंगातून लवकर निघत नाही. महिने गेले. परवा आप्पांनी मला उचललं आणि मी वाजले नाही. बानूबाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने आप्पांच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ठोका नीट होता.

थरथर गोळीमुळेच होती का? डॉक्टरीणबाई अजून 'बहुतेक' म्हणतात.

मित्रांनो, हात थरथरणाऱ्याला हसू नका. नवी गोळी कुठली लागली ते विचारा, डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तोवर त्याच्या कपात चहा जरा कमीच ओता.