ऐकणाऱ्याचा पाट

मी एक पाट आहे. लाकडी, बसायचा. असं फोड करून सांगावं लागतं, कारण परवा आलेल्या पाहुण्यानं माझ्यावर लॅपटॉप ठेवला आणि "टेबल जरा बुटकं आहे" म्हणाला. मी राग धरला नाही. माणसं बसायची कशासाठी, हेच जिथं विसरायला झालं, तिथं पाटाची काय ओळख राहणार?

माझा जन्म आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारातला. अबूबकर मिस्त्रींनी एका जुन्या सागवानी दाराच्या फळीतून आम्हां दोघांना कापलं, रंधा मारला, खाली दोन-दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. दोघं म्हणजे मी आणि माझा जोडीदार. मालनबाईंच्या लग्नात रुखवतातून आम्ही जीपच्या टपावर बसून साखऱ्याला, त्यांच्या सासरी आलो. जोडीदार पुढं कूलरखाली गेला. अजून तिथंच आहे, पाणी पिऊन फुगलाय. एकाच घरात असून वर्षानुवर्षं आमची भेट नाही. पण एकाच घरात राहून भेट न होणं ही काही आता नवलाची गोष्ट नाही, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही.

मला काम नेमून दिलं मालनबाईंच्या सासूबाईंनी. या घरात व्रताची एक रीत आहे. उपास करायचा, पूजा करायची, मग कहाणी सांगायची. नुसती वाचून भागत नाही. ती ऐकायला माणूस पाहिजे. सांगणारी भुईवर बसते. ऐकणारा पाटावर बसतो, मुठीत ज्वारीचे दाणे धरतो आणि वाक्यावाक्याला "हूं" म्हणतो. कहाणी संपली की दाणे देवापुढं ठेवायचे, मगच व्रत करणारीनं घास घ्यायचा. ऐकणारा मिळाला नाही तर उपास सुटत नाही. सासूबाई म्हणायच्या, "हुंकार न्हाई तर कहाणी न्हाई. भिताडाला सांगितलेलं देवापतूर जात न्हाई."

त्या काळी ऐकणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. दळण घेऊन चाललेली बाईसुद्धा हाकेसरशी डबा खाली ठेवून बसायची. सगळ्या मोठ्या भाविक होत्या असं नाही. कुणी पाय दुखतात म्हणून बसायची, कुणी चहाच्या आशेनं. देवानं कधी त्याची चौकशी केली नाही.

मग टीव्ही आला, मोबाईल आला, आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे बसू लागले.

आता या घरात माणसं तीन. मालनबाई, त्यांचे मालक संतराम आणि मुलगा सोमेश्वर. मुलगी कोमल हट्टा गावाला दिलेली. संतराम दिवसभर मोबाईलवर हवामान बघतात. बाहेर ऊन पडून वाळवणं निघालेली असतात, पण मोबाईलात ढग असतात, म्हणून ते छत्री शोधत फिरतात.

सोमेश्वर चोवीस वर्षांचा. भरतीची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात गेली म्हणाला. तेव्हापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, तो बाजेवर आडवा पडून प्रेरणा घेतो. पहाटे चारला उठा असं सांगणारा कुणी एक माणूस आहे, त्याला तो सकाळी दहाला पांघरुणातून ऐकतो. जग जिंकायचं तर आधी अंथरूण सोडा, हे वाक्य त्याला इतकं आवडलं की अंथरुणात पडून ते त्यानं तीनदा मागं घेऊन ऐकलं. या घरात प्रेरणा एवढी येते की ठेवावी कुठं असा प्रश्न पडावा. जेवणाचं ताटही बाजेवर जातं. एका हातात घास, एका हातात प्रेरणा. आई काही बोलली की तो "हूं" म्हणतो. हुंकाराची रीत त्याला बरोबर येते, फक्त कहाणी दुसऱ्या कुणाची चालू असते.

म्हणून मालनबाईंनी सोळा सोमवार धरले.

पहिल्या सोमवारी त्यांनी समोरच्या बाईला हाक मारली. "येतेच, एवढी मालिका संपू द्या," ती म्हणाली. ती मालिका सात वर्षं चालू आहे. दुसऱ्या सोमवारी संतराम बसले. एका मुठीत दाणे, दुसऱ्या मुठीत मोबाईल. महादेव रागावून कैलास सोडून निघाले, त्या ठिकाणी ते म्हणाले, "सोयाबीन पुन्हा उतरलं." एका सोमवारी तर सिलिंडर द्यायला आलेला माणूस बसवला. त्यानं मात्र हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि मनापासून ऐकलं. असे करत-करत दहा सोमवार निघाले.

अकराव्या सोमवारी दिवेलागण झाली तरी कुणी मिळेना. तेव्हा सोमेश्वरनं बाजेवरूनच तोड काढली. "आई, कशाला लोकायच्या मागं लागून राहिली? रेकॉर्ड कर, मी आपल्या ग्रुपवर टाकतो. चाळीस जण हायेत. बसल्या जागी चाळीस जण ऐकतील."

मोबाईल माझ्यावर आला. मागं तांब्याचा टेकू दिला, सोमेश्वरनं लाल बटण दाबलं आणि तो परत बाजेवर गेला. मालनबाईंनी मोबाईलपुढं ज्वारीचे दाणे ठेवले. गंध लावायचं तेवढं राहिलं. माझ्या जन्मात इतका शिस्तीचा श्रोता बसला नव्हता. मांडी बदलली नाही, खोकला नाही, चहा मागितला नाही. "हूं"ही म्हणाला नाही, पण एवढ्या मोठ्या माणसाकडून किती अपेक्षा करायची.

कहाणी अकरा मिनिटांची होती. ग्रुपवर पहिले जोडलेले हात अर्ध्या मिनिटात आले. मालनबाईंनी ते मोजले, सत्तावीस भरले. "सत्तावीस माणसं, बघा," त्या संतरामांना म्हणाल्या आणि समाधानानं प्रसादाच्या चुरम्याचा घास घेतला. भोळी बाई. पाच सोमवार तसेच गेले.

पंधराव्या सोमवारनंतर कोमलचा फोन आला. मालनबाईंनी सहज विचारलं, "कहाणी ऐकलीस का गं?"

"ऐकली की. लय छान झाली."

"त्यातली म्हातारी कशी वाटली?"

"म्हातारी तर लयच छान होती."

कहाणीत म्हातारी नव्हती. मालनबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ परातीतली कणीक उगाच मळत राहिल्या.

सोळावा सोमवार आला. ओसरीत मोबाईल तांब्याला टेकून बसला. मालनबाईंनी कहाणी धरली, मध्यावर आल्या, आणि दबक्या पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मग महादेव-पार्वती नंदीवरून उतरले, जीपमधी बसले, गोरेगावच्या स्टँडवर दोघांनी भजी खाल्ली. महादेवाला तिखट लागलं." लगेच दोन्ही कान धरून तोंडातल्या तोंडात माफी मागितली. उरलेली कहाणी नीट सांगितली.

ग्रुपवर तेहतीस हात जोडले गेले. संतरामांच्या मावसभावानं लिहिलं, "अप्रतिम. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं." तिखट महादेवाला लागलं होतं, पाणी यांच्या डोळ्यांत आलं.

मालनबाईंनी चुरम्यावर ताटली झाकली. "म्हंजे सहा सोमवार कुणीच ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"देवानं तर ऐकलं ना," संतराम म्हणाले. "जेव आता. सकाळपासून घोटभर चहावर हायेस."

"देवाला कहाणी ठावी हाय. त्याला काय नवीन सांगायची? ती माणसालाच सांगायची असती." मग त्या आत बाजेकडं वळल्या. "सोमेश्वर, तू तरी बस बाबा माझ्यापुढं."

"हूं," सोमेश्वर म्हणाला आणि हलला नाही. त्याच्या मोबाईलात तो माणूस ओरडत होता की तुमची वाट कुणीतरी पाहतंय.

तेवढ्यात अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडून खुर्शीदबींचं डोकं वर आलं. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या नासेरभाईंच्या त्या घरधनीण, पंचवीस वर्षांपासूनच्या शेजारीण. हातात निवडायला घेतलेली मेथीची जुडी होती.

"काहून वो मालनबाई, आज महादेव जीपमधी काहून बसले? मागल्या सोमवारी तर नंदीवर गेले होते बराबर."

मालनबाई बघतच राहिल्या. "तुमी ऐकलं?"

"हर सोमवारी ऐकते. तुमचा आवाज आला की मी मिक्सर बंद करते. आज भजी निघाली तशी म्हटलं, या बाईला उपासानं चक्कर आली जणू. म्हणून बघाया आले."

"मग येऊन बसल्या काहून न्हाईत इतक्या दिवस?"

"बुलाया किसने? तुमी तर मोबाईलला पाट दिला. मी काय अंगात सेल टाकून येऊ?"

संतरामांनी मान बाहेर काढली. "अगं पण, व्रताला चालतंय का ते?"

"मोबाईल चालला तवा तुमी विचारलं न्हाई," मालनबाई म्हणाल्या. संतराम पुन्हा हवामान बघायला गेले.

खुर्शीदबी फाटकातून आल्या, पाय धुतले आणि ऐसपैस माझ्यावर बसल्या. माझ्या पट्ट्या करकरल्या. कित्येक दिवसांनी अंगावर माणसाचं वजन आलं होतं. मला सणासारखं वाटलं.

मालनबाईंनी त्यांच्या मुठीत दाणे दिले आणि कहाणी धरली. खुर्शीदबी नुसत्या "हूं"वर थांबणाऱ्या नव्हत्या. "हूं. मग ती नवऱ्याला काहीच बोलली न्हाई? मी असते तर दोन दिवस भाकर दिली नसती." "हूं. आन् हे महादेव न सांगता घर सोडून जातात, ही काय तऱ्हा म्हणायची?" मालनबाई हसू दाबत होत्या, मग दाबेना.

"जरा हळू की," बाजेवरून आवाज आला. "मला इकडं ऐकू येईना."

खुर्शीदबी तिकडं वळल्या. "सोम्या, तुझी आई हर सोमवारी कहाणीच्या आखरीला देवाला काय मागती, ठावं हाय तुला?"

"नोकरी मागत असंल."

"सहा बार बटण तूच दाबलं, बाबा. ऐकलं न्हाई एक बार बी?"

सोमेश्वर कोपरावर टेकून अर्धा उठला.

"नोकरीचं नाव बी काढत न्हाई ती. म्हणती, माझं लेकरू लाजून माझ्याकडं बघंनासं झालं. ते एक बार माझ्याकडं बघून जेवू दे. बस, इतकंच."

मालनबाई निरांजनाची वात उगाच पुढं सारू लागल्या. "तुमी बी ना खुर्शीदबी," एवढंच म्हणाल्या. मागणं देवापुढं ठेवलेलं असतं. शेजारणीनं ते मोठ्यानं सांगायचं नसतं.

आतून "मित्रांनो, आज, आत्ता, या क्षणी" एवढं ऐकू आलं आणि आवाज बंद पडला. बाज वाजली. सोमेश्वर येऊन आईच्या शेजारी भुईवर बसला. कोणाच्या प्रेरणेनं उठला म्हणाल, तर त्या शेजारणीनं आजवर एकही व्हिडिओ काढलेला नाही.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "माझे दाणे कुठायत?"

कहाणी पहिल्यापासून झाली. महादेव नंदीवरच गेले. सोमेश्वरचा हुंकार दोन ठिकाणी चुकला, तिथं खुर्शीदबींनी मेथीची जुडी त्याच्या गुडघ्यावर मारली. शेवटी मालनबाईंनी हात जोडले आणि अडल्या. मागणं ओठावर आलेलं आणि ज्याच्यासाठी मागायचं तोच पुढं बसलेला. त्यांनी काही मागितलं नाही. नुसता नमस्कार केला आणि चुरम्यावरची ताटली काढली. जेवताना पोरगं कुठं बघत होतं ते मी सांगत नाही. मोबाईल बाजेवर होता, एवढं सांगतो.

आता तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवशी तो पहाटे चारला उठला. साडेसातला उठला. तो ओरडणारा माणूसही अजून मोबाईलात आहे. त्यालाही पोट आहे.

पण उद्यापन झाल्यावरच्या सोमवारी, व्रत संपलेलं, कहाणी नाही की उपास नाही, सोमेश्वर संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला, मला ओढून भुईवर टाकलं आणि म्हणाला, "आई, बस ना जरा."

"मी? पाटावर?"

"बस म्हणतो ना."

मालनबाई आयुष्यभर सांगणारीच्या जागेवर बसल्या होत्या. त्या अवघडून माझ्या कडेवर टेकल्या. तो पुढ्यात मांडी घालून बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "मी थोडक्यात गेलो म्हटलं होतं ना, ते खोटं होतं. दुसऱ्या पेपरला येत होतं तेही लिहून होईना. अर्धा पेपर कोरा देऊन आलो."

मालनबाई म्हणाल्या, "हूं."

मग तो बोलत राहिला. गॅसवरची भाजी लागली, वास सगळ्या घरात पसरला, तरी त्या उठल्या नाहीत. वाक्यावाक्याला हुंकार देत राहिल्या. मधे एकदा त्यानं वर आईच्या डोळ्यांत बघितलं. त्याला जे सापडायचं होतं ते तिथं दीड वर्षापासून होतं.

त्यानं पुन्हा अर्ज भरला की नाही, मला माहीत नाही. पाटाला तेवढं कळत नाही.

माझी एक पट्टी आता सुटत आलीय. मिस्त्री राहिले नाहीत, आणि घरातल्यांना खिळा ठोकायचा व्हिडिओ सापडत नाही. हरकत नाही, आहे तेवढ्यावर चालेल. मागणं एकच आहे. काम झालं की पाटाला भिंतीशी उभा करून ठेवतात, तसं तुमच्या घरी करू नका. आडवा टाका. रिकामा असला तरी असू द्या. आडवा पाट दिसला की आल्या-गेल्याला उगाच टेकावंसं वाटतं, आणि टेकलेलं माणूस कधी ना कधी बोलतंच. माझा अनुभव तरी तसा आहे.

आज मालनबाईंनी मला ओसरीत टाकलंय. फाटकाची कडी वाजतेय. कोण आहे ते दिसलं नाही अजून, पण चप्पल काढल्याचा आवाज आला. मी थांबतो आता. बसणारं माणूस आलं की पाटानं गप्प राहावं.