रवळूच्या नावाची ओळ

भावकू मास्तरांनी बोरगावच्या चर्चच्या आवारात पाय ठेवला आणि समोरच रवळू ढोलकीच्या कड्या ओढत बसलेला बघून ते जागीच थबकले. दोन वर्षं हा माणूस कीर्तनात त्यांच्या मागं उभा राहिला नव्हता. बोलावणं धाडलं की उत्तर ठरलेलं : गुडघा दुखतोय.

"गुडघा बरा झाला व्हय रं?" मास्तरांनी विचारलं.

"ढोलकी काय गुडघ्यानं वाजवायची असती?" रवळू म्हणाला आणि मान खाली घालून पुढची कडी ओढायला लागला.

मास्तर अनगोळचे, प्राथमिक शाळेतनं निवृत्त झालेले. रवळूचं नंदगडात शिवणकामाचं दुकान. दोघांच्या आजोबांनी एकाच वर्षी येशूचा मार्ग धरला होता. देव्हारा गेला, पण नावं तीच राहिली आणि कीर्तनाचं वेडही तसंच राहिलं. तीस वर्षं ही जोडी खानापूर-बेळगावपासून निपाणीपर्यंत हिंडली होती. मास्तर चिपळ्या घेऊन पुढं, रवळू ढोलकी घेऊन मागं.

ती जोडी तुटली एका पदापायी.

तीन वर्षांमागं रवळूची बायको मनुबाई सतरा दिवस दवाखान्यात होती. शुद्ध नव्हती. तिथल्या बाकड्यावर बसून रवळूनं शिवणीवर एक पद रचलं, उभ्या आयुष्यातलं एकच. मनुबाई उठून बसली तेव्हा त्यानं तो कागद मास्तरांच्या हातात दिला. "चालीत बसवून दे. माझ्या गळ्यात सूर न्हाय."

मास्तरांनी चाल लावली. लई गोड लागली. पुढच्या वर्षी निपाणीच्या कीर्तनात पद रंगलं, बायामाणसं डोळे पुसायला लागली, आणि शेवटच्या कडव्यात, जिथं रचणाऱ्याचं नाव यायचं, तिथं मास्तरांच्या तोंडून 'रवळू'च्या जागी 'भावकू' निघून गेलं. त्यांची स्वतःची चाळीसेक पदं होती, प्रत्येकात स्वतःचं नाव. जिभेला वळण पडलेलं. तेवढी चूक देवानंही पोटात घातली असती. पण कीर्तन संपल्यावर कुणीतरी विचारलं, "मास्तर, हे कवा सुचलं?" आणि मास्तर म्हणाले, "सुचलं असंच." ते काही जिभेचं वळण नव्हतं. मागं ढोलकीला गवसणी घालणाऱ्या रवळूनं ते ऐकलं होतं. तोवर मोबाईलवर घेतलेलं पद कोल्हापूरपर्यंत पोचलं, आणि मास्तर त्या पदाचे धनी होऊन बसले.

घरात मात्र बायको यशोदाबाई त्यांना सुखानं जेवू देत नव्हत्या. आज सकाळीच सदऱ्याचं बटण लावता लावता त्या म्हणाल्या होत्या, "सुईत दोरा ओवायला माझ्याकडं येतासा आन् शिवणीवर पद करतासा. लोकं भोळी हायत म्हणून बरं."

आता चर्चच्या पाळकबाई माधवी लगबगीनं पुढं आल्या. "मास्तर, आपल्या मंडळीचं पदांचं पुस्तक उद्या छापायला जातंय. तुमचं शिवणीचं पद पहिल्याच पानावर घेतलंय बघा."

ढोलकीवरचा हात थांबला. मास्तरांना ते न बघताही कळलं. ते म्हणाले, "बोलू आपण नंतर." मनात म्हणाले, उद्या गुपचूप फोन करून नाव बदलायला सांगू. लिहिणाऱ्याची चूक म्हणू. कुणाची अब्रू जायला नको.

आत हंगामाच्या सणाची आरास होती. जोंधळ्याची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे. पहिल्या रांगेत आण्णासाहेब बसलेले. हे जैन शेतकरी, आपल्या देवळातलं, बस्तीतलं प्रवचन चुकवायचे नाहीत आणि मास्तरांचं कीर्तनही चुकवायचे नाहीत.

"मास्तर, आज काय?"

"दावीद राजा."

"पर अर्धा नको हं. गेल्या खेपंला राजाला मुकुट घातलासा आन् गाशा गुंडाळलासा. पुढं त्यानं कायतरी वंगाळ केलं म्हणं. त्ये कवा सांगणार?"

"बायाबापड्या असतात, आण्णा."

"त्यास्नी काय ठावं न्हाय व्हय? आज पुरता राजा पायजे."

मागं बसलेली मनुबाई खुदकन हसली.

मास्तर उभे राहिले. चिपळ्या वाजल्या, ढोलकीनं पहिली थाप दिली, आणि दोन वर्षांनी त्यांच्या पाठीला जुनी ऊब लागली. आख्यान असं सुटलं की बस. बेथलेहेमाचं माळरान आलं, मेंढरं आली. आठ भावांत धाकटा, ज्याला बापानं जेवणालासुद्धा हाक मारली नव्हती, त्याच्या डोक्यावर म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्यानं शिंगातलं तेल ओतलं आणि त्याला राजा नेमलं. शौल राजाच्या डोक्यात वेड शिरलं की हाच पोरगा वीणा घेऊन बसायचा आणि राजाचं मन निवायचं.

"मंडळी, त्या काळी आजूबाजूचे राजे स्वतःलाच देव म्हणवून घ्यायचे. इस्राएलाचा राजा मात्र देवाचा चाकर! सिंहासन त्याचं नव्हे, त्याला बसायला दिलेलं. देवाच्या आज्ञांची पेटी, तो पवित्र कोश, येरुशलेमात आला तेव्हा हा राजा रस्त्यात नाचला. राणीनं खिडकीतनं बघितलं, मग म्हणाली, शोभतं का हे? राजा म्हणाला, ज्यानं उचलून इथं बसवलं त्याच्यापुढं नाचायला लाज कसली?"

टाळ्या पडल्या. इथंच मास्तर नेहमी थांबायचे. त्यांनी आण्णासाहेबांकडं बघितलं. आण्णासाहेब मांडी घालून बसले होते, उठायचं नाव नाही. मास्तर घोटभर पाणी प्याले आणि पुढं निघाले.

त्यांनी सांगितलं की राजाला एकाची बायको आवडली. नवरा, उरीया, राजाचाच इमानी शिपाई. राजानं त्याला लढाईच्या ऐन आघाडीवर उभं करून मारवलं आणि तिला घरात आणलं. दरबार गप्प. मग नाथान संदेष्टा आला. हातात तलवार नाही, नुसती गोष्ट. एका श्रीमंताची मेंढरं माळावर मावत नव्हती. शेजारच्या गरिबाची एकच मेंढी, त्याच्या ताटात जेवणारी, कुशीत निजणारी. श्रीमंताकडं पाहुणा आला आणि त्यानं...

मास्तर तिथंच अडले.

चाळीस पदं. आणि एक.

ढोलकी मागं हळू वाजत होती. सांगणारा अडला की रवळू नेहमी असाच ठेका धरून ठेवायचा, कुणाला कळू द्यायचा नाही. आजही त्यानं धरला होता.

"त्यानं गरिबाची मेंढी घेतली," मास्तर म्हणाले. "राजा रागानं लाल झाला. कोण तो माणूस? आणि नाथान म्हणाला, राजा, तो माणूस तूच."

आण्णासाहेबांनी मान डोलावली.

"मंडळी, मला ह्या राजाचं खरं मोठेपण कुठं वाटतं सांगू? राक्षसाला गोफणीनं पाडलं, तिथं नव्हे. राजे लोक आपले विजय दगडावर कोरून घेतात. ह्या राजानं आपला अपराध गाण्यात घातला आणि देवळाच्या गवयांच्या हातात दिला, म्हणाला, गा. वर नाव कुणाचं? स्वतःचं! कारण कुठलं? तेही लिहिलेलं, नाथान आला तेव्हाचं. तीन हजार वर्षं लोक ते गातात आणि रडतात. अपराधावर आपलं नाव घालायला राजाची छाती लागते."

ते थांबले. त्यांनी चिपळ्या खाली केल्या.

"आणि मी, मंडळी, दुसऱ्याच्या आसवांवर आपलं नाव घातलं."

पाळकबाईंनी मान वर केली. मनुबाईशेजारी बसलेल्या यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"शिवणीचं पद माझं नव्हे. हा मागं उभा आहे त्याचं आहे. निपाणीत माझी जीभ घसरली, ते मी सोडून देतो. पण मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि दोन वर्षं ते खोटं मिरवलं. पाळकबाई, पुस्तकात नाव बदला. आणि का बदललं, हे कुणी विचारलं तर हेच सांगा."

त्यांनी डोळे मिटून पद उचललं.

*शिवण सुटली । टाका धरवेना ।*
*सुईत जाईना । धागा माझा ॥*
*तूच शिवलेस । काळीज हे माझे ।*
*उसवणे तुझे । काम नव्हे ॥*
*रवळू म्हणतो । दारी मी बसलो ।*
*कापड आणलो । फाटलेले ॥*

'रवळू' आला आणि ढोलकी बंद पडली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी मागं वळून बघितलं. रवळूचे दोन्ही हात ढोलकीवर तसेच पडलेले, गालांवरनं पाणी वाहत होतं.

"दोन वर्सं लागली तुला, भावक्या," तो हळू म्हणाला. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलंच.

"व्हय."

"दवाखान्यातनं ती उठली तवा एवढा रडलो न्हवतो."

"म्हण आता तूच."

"माझ्या गळ्यात सूर न्हाय, म्हायती हाय की तुला."

"म्हणा वो!" मागनं मनुबाई ओरडली. "मी कुठं ऐकलंय तुमच्या तोंडून? माझ्यावर केलंसा आन् गावाला वाटलंसा!"

हशा पिकला. आण्णासाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. मास्तरांनी चिपळ्या रवळूच्या हातात दिल्या, त्याच्या गळ्यातली ढोलकी काढून आपल्या गळ्यात अडकवली, आणि दोन पावलं मागं सरकून त्याच्या जागी उभे राहिले. ढोलकी त्यांना धड येत नव्हती. रवळूचा सूर पहिल्याच शब्दाला कुठल्या कुठं गेला. मास्तरांचा ठेका त्याच्यामागं धडपडत राहिला. पण प्रत्येक ओळ संपली की मास्तर मागनं झील धरत होते, आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळी मंडळी ती धरायला लागली.